वीस पायऱ्या, एकवीस पायऱ्या आणि ऑटोमेशनचं भांडण

सध्या ड्रॉइंगच्या धंद्यात जिकडे बघावं तिकडे एकच भांडण चालूय. एक पार्टी म्हणते कॅडचं, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं, काम आता ऑटोमेट होणार, बटण दाबलं की प्लॅन, सेक्शन, दार-खिडक्यांचं शेड्यूल (यादी) सगळं बाहेर पडणार, ड्राफ्ट्समनचे दिवस भरले. दुसरी पार्टी म्हणते छे, ड्रॉइंगला हात लागतो, डोकं लागतं, साइटवर काय होतं ते स्क्रिप्टला काय कळणार. दोघंही तावातावाने बोलतात आणि दोघंही बोलतात ते फक्त शीट काढण्याबद्दल. शीट किती वेगात निघतं यावर रणकंदन, पण निघालेलं शीट बरोबर आहे हे कोण ठरवणार, कधी ठरवणार, कशावरून ठरवणार यावर कोणी चकार शब्द काढत नाही. माझं म्हणणं असंय की वादाचा क्रमच उलटा आहे. ऑटोमेशन यायलाच पाहिजे, पण ते आधी तपासणीत यायला पाहिजे आणि मग ड्रॉइंग काढण्यात. जे ड्रॉइंग तुम्हाला मशीनकडून तपासून घेता येत नाही ते मशीनकडून काढून घेऊ नका. आणि तपासणीत मशीन आलं म्हणून तपासणाऱ्या माणसाला घरी पाठवू नका, कारण त्याचं खरं काम तर तिथून सुरू होतं.

हे मी हवेत बोलत नाहीये. माझ्याच टेबलावरची गोष्ट सांगतो. चार मजल्यांची इमारत, मजल्याची उंची ३००० मिलिमीटर, जिन्याला १५० चे वीस रायझर, म्हणजे पायऱ्यांचे उठाव. मध्येच सर्व्हिसेसवाल्यांना स्लॅबखाली डक्टसाठी जागा कमी पडायला लागली म्हणून उंची ३१५० केली. आर्किटेक्चरच्या सेक्शनमध्ये लेव्हल बदलल्या, बदलाभोवती रिव्हिजन क्लाउड काढला, टेबलात नोंद केली, सगळं रीतसर. पण स्ट्रक्चरच्या जिन्याच्या फाइलमध्ये जो एक्सरेफ होता, म्हणजे आर्किटेक्चरच्या फाइलचा जिवंत जोड, तो कोणीतरी दोन आठवड्यांपूर्वी बाइंड करून टाकला होता, कारण फाइल ईमेलने पाठवली की समोरच्याला एक्सरेफ सापडत नाही अशी बोंब होती. आता बाइंड केलं की मूळ फाइलशी नातं तुटलं, तिकडे आभाळ कोसळलं तरी इकडे जुनंच दिसणार. शीट माझ्याकडे तपासायला आलं. मी रायझर मोजले, वीस गुणिले दीडशे तीन हजार, बरोबर, पिवळा मार्कर फिरवला, सही केली. साइटवर शटरिंग लागलं आणि वरच्या लँडिंगला दीडशेची खोट आली तेव्हा फोन आला. रायझर एकवीस पाहिजे होते. गंमत म्हणजे, म्हणजे तेव्हा गंमत वाटली नव्हती, दोन्ही शीटं आपापल्या परीने एकदम बरोबर होती. चूक कुठल्याच शीटवर नव्हती, ती दोन शीटांच्या मध्ये होती.

आणि माणसाच्या तपासणीचं घोडं इथंच पेंड खातं. ज्यांनी कागदावर चेकप्रिंट केलेत त्यांना माहितीये ती पद्धत, जे बरोबर त्यावर पिवळं, जे चुकलं त्यावर लाल, सुधारलेलं परत आलं की लालाशी ताडून बघायचं. फार चांगली पद्धत आहे, मी आजही तीच वापरतो. पण ती एकावेळी एका शीटवर चालते. डोळा समोर आहे ते बघतो, समोर नाही ते बघू शकत नाही. ऐंशी शीटांच्या सेटमध्ये प्रत्येक दाराचा नंबर प्लॅनवर, शेड्यूलमध्ये आणि एलेव्हेशनवर एकच आहे का हे संध्याकाळी सात वाजता, शीट उद्या सकाळी जायचं असताना, कोण बघणार? बघतो म्हणणारा खोटं बोलतोय. मी स्वतः तसं खोटं बोललोय.

उलट मशीनला नेमकं हेच जमतं आणि त्याला कंटाळा येत नाही. एक साधं उदाहरण घ्या, हाताने टाइप केलेलं डायमेन्शन. दाराची उघडी जागा ८५० काढलीये, पाहिजे ९००. भिंत सरकवायची म्हणजे तिच्याबरोबर हॅच, टाइल, इलेक्ट्रिकचा स्विच सगळं सरकवायचं, म्हणून पोरगा डायमेन्शनवर डबल क्लिक करतो आणि ९०० टाइप करून मोकळा होतो. प्रिंटमध्ये ९०० दिसतं, तपासणारा ९०० वर पिवळा मारतो, ५० मिलिमीटरचा फरक स्केलवर डोळ्याला जाणवत नाही. पुढे ज्याने याच फाइलवरून फर्निचर काढलं त्याला मिळालं ८५०. आता हीच फाइल डीएक्सएफ, म्हणजे मजकूर म्हणून वाचता येणाऱ्या रूपात, करून उघडा, प्रत्येक डायमेन्शनच्या नोंदीत कोड ४२ समोर खरं मोजलेलं माप लिहिलेलं असतं आणि कोड १ समोर हाताने घातलेला मजकूर, असलाच तर. म्हणजे चोर आपलं नाव-गाव लिहून ठेवतोय आणि आपण त्याला दिव्याच्या उजेडात शोधतोय. या दोन ओळी ताडून बघणारी स्क्रिप्ट पंधरा-वीस ओळींची होते, पूर्ण सेटवर ती चहा प्यायला लागतो त्याहून कमी वेळ घेते. बाइंड केलेला एक्सरेफ ओळखणं, टायटल ब्लॉकमधला (शीटच्या नाव-नंबराच्या चौकटीतला) रिव्हिजन आणि ट्रान्समिटलमधला (सोबत पाठवलेल्या यादीतला) रिव्हिजन जुळवणं, मजल्याची उंची भागिले रायझर करून बघणं, कॉलमचे नंबर आर्किटेक्चर आणि स्ट्रक्चर दोन्हीकडे तेच आहेत का, शेड्यूलमध्ये आहे पण प्लॅनवर नाही असं दार कुठलं, हे सगळं त्याच जातीचं काम. यात अक्कल लागत नाही, फक्त न थकणं लागतं.

मग लोक हे करत का नाहीत? अवजारं नव्हती असं कोणी म्हणू नये. इव्हान सदरलँडने १९६३ मध्ये एमआयटीत स्केचपॅड करून दाखवलं, ज्याला आपण सगळ्या कॅडचा आजोबा म्हणतो, त्यात पहिल्यापासून बंधनं होती, या दोन रेघा समांतर राहिल्या पाहिजेत, या दोन सारख्या लांबीच्या राहिल्या पाहिजेत असं सांगितलं की मशीन ते पाळायचं. म्हणजे कॅडच्या मुळातच नियम सांगणं आणि नियम पाळला जातोय का बघणं हे होतं. १९८२ मध्ये ऑटोकॅड आलं, ते साध्या पीसीवर चालायला लागलं, आणि आपण सगळ्यांनी त्याचा वापर काय केला तर महागडी ड्रॉइंग पेन म्हणून केला. ऑटोलिस्प, म्हणजे ऑटोकॅडच्या आतच छोटे प्रोग्राम लिहायची भाषा, ऐंशीच्या दशकापासून आहे. लेयर, डायमेन्शन स्टाइल, टेक्स्ट स्टाइल ठरलेल्या स्टँडर्डशी ताडून बघणारी सोय ऑटोकॅडमध्ये दोन दशकांहून जास्त काळ पडून आहे, किती ऑफिसात ती कोणी उघडून बघितलीये? काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. आपण लिस्पच्या रूटीन लिहिल्या त्या सगळ्या वेगाने काढायच्या, वेगाने प्लॉट करायच्या. तपासायची रूटीन लिहिली तर त्यातून शीट निघत नाही, आणि जे निघत नाही त्याचे तास बिलात लावता येत नाहीत, हे खरं कारण आहे.

आता काढण्याचं ऑटोमेशन आधी आणलं तर काय होतं ते बघा. हाताने काम करणारा माणूस चुकतो तेव्हा एका शीटवर चुकतो, स्क्रिप्ट चुकते तेव्हा पूर्ण सेटवर चुकते, आणि ती इतकी एकसारखी चुकते की चूक आहे असं वाटतच नाही. प्रत्येक टॉयलेटचा सन्क स्लॅब, म्हणजे खाली घेतलेला स्लॅब, ३०० च्या ऐवजी २०० दाखवला असेल तर दोन शीटांत फरक दिसणार नाही, कारण सगळीकडे २०० च आहे. उलट तपासणाऱ्याला वाटतं वा, काय कन्सिस्टंट सेट आहे. जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या मध्ये ऱ्हाइन नदीवर लाउफेनबुर्गला पूल बांधत होते. दोन देश समुद्रसपाटी वेगवेगळ्या समुद्रांवरून मोजतात, एक उत्तर समुद्रावरून आणि एक भूमध्य समुद्रावरून, त्यात २७ सेंटीमीटरचा फरक आहे. हे इंजिनियरांना माहिती होतं, त्यांनी तो फरक हिशेबातही घेतला, फक्त चिन्ह उलटं धरलं. अधिकच्या जागी उणे. २७ ची दुरुस्ती ५४ ची चूक झाली आणि २००३ मध्ये काम चालू असताना लक्षात आलं की दोन बाजू जुळत नाहीयेत. सांगायचा मुद्दा हा की चूक अज्ञानातून आली नव्हती, ती दुरुस्तीमधूनच आली होती. आपली ऑटोमेशनची रूटीन म्हणजे हजार ठिकाणी आपोआप लागू होणारी दुरुस्तीच असते, तिचं चिन्ह उलटं असलं तर?

दोनशे वर्षांपूर्वी चार्ल्स बॅबेजला हे कळलं होतं. त्या काळी लॉगरिदमची आणि ग्रहताऱ्यांची कोष्टकं माणसं हाताने गणित करून बनवायची आणि मग खिळे जुळवून छापायची. बॅबेजने १८२२ मध्ये डिफरन्स इंजिनची कल्पना मांडली, पण त्याने नुसतं गणित करणारं मशीन नाही मागितलं, मशीननेच निकाल छापावा असाही त्याचा हट्ट होता. कारण गणित बरोबर असलं तरी आकडा उतरवताना आणि खिळे जुळवताना चुका घुसतात हे त्याला माहिती होतं. चूक हिशेबात कमी आणि एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जाताना जास्त होते. आमच्या जिन्याचंही तेच झालं की, वीस हा आकडा कधीतरी बरोबरच होता, बदललेली उंची फक्त त्याच्यापर्यंत पोचली नाही.

बरं, आता समोरच्या बाजूचे मुद्दे. काही खरंच जड आहेत आणि ते उडवून लावणं हा लबाडपणा होईल.

पहिला मुद्दा, खोट्या घंटा. ज्याने मॉडेलवर क्लॅश डिटेक्शन, म्हणजे काय कशाला धडकतंय याची तपासणी, चालवलंय त्याला माहितीये, पहिल्या दिवशी हजारोंच्या घरात क्लॅश येतात, त्यातले बहुतेक पाइपचं इन्सुलेशन सीलिंगला पाच मिलिमीटर शिवलं असल्या जातीचे. तिसऱ्या दिवशी कोणी बघत नाही, चौथ्या दिवशी सगळे सिलेक्ट करून अप्रूव्ह. लांडगा आला रे आला. हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण दोष तपासणीचा नाही, सगळं एकदम तपासायच्या हावरेपणाचा आहे. मी सुरुवात तीन नियमांनी केली होती, हाताने टाइप केलेलं डायमेन्शन, तुटलेला किंवा बाइंड केलेला एक्सरेफ आणि रिव्हिजनची गडबड. तिन्हींत वादाला जागाच नाही, लाल आलं म्हणजे लालच. लोकांचा विश्वास बसला की मग चौथा नियम. जो नियम पाचातून चार वेळा खोटा बोलतो तो काढून टाकायचा, कितीही हुशार असला तरी.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे, मशीनने हिरवं दाखवलं की माणूस बघायचं सोडतो. नॉर्वेत स्लाइप्नर ए नावाचा समुद्रातला काँक्रीटचा प्लॅटफॉर्म २३ ऑगस्ट १९९१ ला चाचणीसाठी पाण्यात खाली उतरवताना फुटला आणि तळाला गेला. कारण काय, कॉम्प्युटरच्या विश्लेषणात भिंतींमधला शिअर स्ट्रेस (कातरणारा ताण) ४७ टक्के कमी आला होता, मेश, म्हणजे हिशेबासाठी भिंतींचे पाडलेले तुकडे, नीट नव्हता. नंतर काळजीपूर्वक विश्लेषण केलं तेव्हा उत्तर आलं की हा ६२ मीटर खोलीवर फुटणार, प्रत्यक्षात ६५ वर फुटला होता. म्हणजे सॉफ्टवेअरला जमत नव्हतं असं नाही, त्याला दिलेला मेश आणि त्याने दिलेलं उत्तर याकडे कोणी संशयाने बघितलं नाही. यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि ते अर्धवट आहे हे मला कळतं. मशीनने काय तपासलं नाही हे रिपोर्टच्या पहिल्या ओळीत ठळक लिहिलेलं पाहिजे. ‘पास’ हा शब्दच नको. ‘या सात गोष्टी बघितल्या, लेव्हल बघितल्या नाहीत, वॉटरप्रूफिंगचं डिटेल बघितलं नाही’ असं. माणूस आळशी आहेच, पण समोर रिकामी जागा दाखवली तर ती भरायची थोडी तरी लाज वाटते.

आणि मग हयात रीजन्सी. कॅन्सस सिटीच्या त्या हॉटेलात १७ जुलै १९८१ ला लॉबीवरून टांगलेले पादचारी पूल कोसळले, ११४ माणसं मेली. मूळ डिझाइनमध्ये वरून खाली एकच लांब सळई दोन्ही पुलांमधून जाणार होती. ती पूर्ण लांबी आटे पाडायला अवघड म्हणून फॅब्रिकेशनच्या वेळी एकाऐवजी दोन तुकडे केले, वरचा पूल छताला आणि खालचा पूल वरच्या पुलाला टांगलेला. कागदावर बघाल तर फरक एवढासा. पण त्यामुळे वरच्या पुलाच्या बीमच्या जोडावर दुप्पट भार आला, आणि मुळात तो जोड पहिल्या डिझाइनलाही कमीच पडत होता. फॅब्रिकेशनसाठीच्या शॉप ड्रॉइंगवर इंजिनियरचा शिक्का होता. आता विचार करा, त्या ड्रॉइंगवर माझ्या स्क्रिप्ट चालवल्या असत्या तर काय झालं असतं? लेयर ठीक, डायमेन्शन ठीक, रिव्हिजन ठीक. सगळं हिरवं. लटकणाऱ्या दोरीवर दोन माणसं असली आणि खालच्याने दोरी सोडून वरच्याच्या पायाला धरलं तर वरच्याच्या हातावर काय येईल, एवढाच प्रश्न होता आणि तो विचारायला स्क्रिप्ट नाही, निवांत बसलेला माणूस लागतो. निवांत. ज्याची दुपार दारांचे नंबर जुळवण्यात गेलेली नाही असा.

म्हणूनच ‘ड्रॉइंगला डोकं लागतं, मशीनला काय कळणार’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, कारण त्यांचं म्हणणं खरं आहे आणि तरी ते त्या डोक्याला दिवसभर पिवळा मार्कर फिरवायला लावतात. अनुभवी माणसाला काय दिसतं बघा. तळघरातली पंपरूम, दार ९०० चं, पंप बसवताना भिंत बांधलेली नव्हती म्हणून आत गेला, दहा वर्षांनी बदलायचा झाला तर बाहेर कुठून काढणार? ड्रॉइंगमध्ये चूक काहीच नाही, ड्रॉइंगमध्ये फक्त दहा वर्षं दिसत नाहीत. हे बघायला ज्याने एकदा तरी भिंत फोडून पंप काढलाय तो माणूस पाहिजे, आणि त्याच्याकडे वेळ पाहिजे.

अजून एक आक्षेप, नवीन पोरं तपासूनच शिकतात, तेही मशीनने केलं तर उद्याचा सीनियर कुठून येणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मुद्दा खरा आहे, मीही तसाच शिकलो. पण नीट आठवून सांगा, आपण दारांचे नंबर जुळवून शिकलो का? आपण शिकलो जेव्हा सीनियरने शेजारी बसवून विचारलं की हे बीम इथं खोल का घेतलंय, याखालून डक्ट जाणार कसा. नंबर जुळवणं ही त्या शिकण्याची फी होती, शिकणं नव्हतं. शिवाय पोरांना नियम लिहायला लावा ना. ‘रायझर बरोबर आहेत’ हे वाक्य मशीनला समजेल असं लिहायला बसलं की पाचव्या मिनिटाला प्रश्न पडतो, उंची कुठून कुठपर्यंत, फिनिश्ड लेव्हल की स्लॅबची, पहिल्या पायरीखाली फ्लोअरिंगची जाडी धरायची का. हे प्रश्न मला पडायला सहा वर्षं लागली होती.

बीआयएमवाले, म्हणजे सुट्या शीटांऐवजी इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करणारे, म्हणतील मॉडेल केलं की हे सगळं आपोआप जातं. काही अंशी जातं, दार मॉडेलमध्ये एकच असतं म्हणून शेड्यूल आणि प्लॅन भांडत नाहीत, मान्य. पण आर्किटेक्चरचं मॉडेल वेगळं, स्ट्रक्चरचं वेगळं, लिंक केलेलं मॉडेल गेल्या महिन्यातलं, आणि शेवटी साइटवर जाते ती पीडीएफच, जिच्यावर कोणीतरी नुसत्या टेक्स्टने नोट टाकलेली असते. दुवा तुटायच्या जागा कमी झाल्या, संपल्या नाहीत. सिंगापूरने तर मंजुरीसाठी येणारे प्लॅन मशीनने तपासायचा प्रयोग २००० च्या आसपासच सुरू केला होता, ई-प्लॅनचेक, आणि तिथे मुळातला धडा हाच आहे की तपासायचं असेल तर काढणाऱ्याला ठरलेल्या पद्धतीनेच काढावं लागतं. तपासणी आधी ठरली की ड्रॉइंगची शिस्त मागून येते. उलट्या क्रमाने ती आलेली मी तरी बघितली नाही.

लहान ऑफिसला परवडत नाही हा मुद्दा मी फार वेळ घेत नाही. तीन नियमांच्या स्क्रिप्टला एक शनिवार लागतो, चुकलेल्या जिन्याला एक महिना.

खरा अडसर वेगळाच आहे. तपासणीतले तास वाचले की ते जातात कुठे? मी बघितलंय, स्क्रिप्टमुळे चार दिवसांची तपासणी दोन दिवसांवर आली की पुढच्या प्रोजेक्टच्या वेळापत्रकात तपासणीला दोनच दिवस धरले जातात, त्यानंतरच्या प्रोजेक्टला एक. वाचलेला वेळ निवांत बसायला कोणी देत नाही. त्यामुळे मी आता जिथे काम करतो तिथे एकच अट घातली, मशीनची तपासणी वेळापत्रकात दाखवायचीच नाही, तिला शून्य दिवस. माणसाच्या तपासणीचे चार दिवस आहेत ते चारच राहणार. यावर अजून दर महिन्याला भांडण होतं.

जाता जाता, तुमच्या टेम्प्लेटचा टायटल ब्लॉक एकदा उघडून बघा. ‘तपासले’ या रकान्याच्या ॲट्रिब्यूटला डिफॉल्ट म्हणून कोणाची आद्याक्षरं टाकलेली आहेत का. आमच्याकडे होती. नवीन शीट उघडलं की रेघ मारायच्या आधीच ते तपासलेलं असायचं, आणि ज्याची ती आद्याक्षरं होती तो माणूस दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून गेला होता. मी तो रकाना रिकामा केला. त्याच आठवड्यात चार जण येऊन सांगून गेले की सर, टेम्प्लेट बिघडलंय, शीट अपूर्ण दिसतंय.